दुसऱ्या साक्षीदाराची जागा

फोन वैशालीचा होता. मी तेव्हा अणदूरच्या फाट्यावर, चहाच्या टपरीपाशी वर्तमानपत्रातल्या चुका काढत उभा होतो. मास्तरकी सुटून काही वर्षं झाली, पण ही खोड काही सुटत नाही. "काका, बाबा गेले... पहाटे सोलापुरात. काही करताच आलं नाही." एवढंच ती बोलली. मी "हो, हो" म्हणत राहिलो. चहावाल्यानं विचारलं, "काय झालं, गुर्जी?" मी म्हणालो, "आमचा मल्ल्या गेला." तो बिचारा बघतच राहिला. ज्या माणसाला अख्खा तालुका 'मल्हारराव साहेब' म्हणायचा, ज्याच्या गाडीपुढं एकेकाळी लाल दिवा होता, त्याला मल्ल्या म्हणणारा मी एकटाच उरलो होतो. आता सांगायला लाज वाटते, पण इथं खरं सांगायचंच असं ठरवून बसलोय, म्हणून सांगतो. ती बातमी ऐकल्यावर, रडू यायच्या आधी, एक क्षणभर मला हायसं वाटलं. आता "मास्तर, चष्मा सापडला का?" असं विचारणारं कुणी नाही, असं मनात आलं. मित्र मेल्यावर ज्याला हायसं वाटतं त्या माणसाला काय म्हणावं, ते तुम्हीच ठरवा.

मल्हारी तसा आमच्या जिल्ह्याचा नव्हे. त्याचं गाव बार्शीकडचं. वडील लवकर गेले म्हणून आईनं त्याला अणदूरला मामाकडं आणून सोडला. मामाला मूलबाळ नव्हतं, त्यानं याला पोटच्या पोरासारखा वाढवला. चौथीपासून आम्ही एका बाकावर. माझी आई मी तीन वर्षांचा असताना वारलेली, मी चुलतीच्या पदराखाली वाढलो, तिला मी मोठी आई म्हणायचो. तेव्हा एक बिनबापाचा, एक बिनआईचा, अशी आमची जोडी जमली. पोहायला एका विहिरीत, मार खायला एका गुरुजींकडं. आमच्या गावचा खंडोबा वर्षातले काही महिने नळदुर्गला राहायला जातो, हे या भागातल्या लोकांना सांगायला नको. देव न्यायचा-आणायचा तर दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात, मग पालखी हलते. लहानपणी आम्ही गर्दीत घुसून ते बघायचो. बाकीची पोरं भंडारा उधळण्यात दंग, आणि हा मल्ल्या टाचा उंच करून तो कागद बघायचा. एकदा मला म्हणाला, "बघ की, देवसुद्धा कागद केल्याशिवाय गावाला जात न्हाय. मग माणसानं किती जपून सही करावी!" तेव्हा मी हसलो होतो. पोलीस खात्यात जाणारा माणूस तेव्हाच दिसायला हवा होता.

तो स्पर्धा परीक्षा पास होऊन थेट पोलीस उपअधीक्षक झाला आणि मी आमच्याच गावच्या शाळेत मास्तर. त्याच्या प्रोबेशनच्या काळात काही महिने एक ठाणं स्वतः चालवायचं असतं, ते त्याला नेमकं आमच्या भागातलं मिळालं. कागदोपत्री तो परजिल्ह्याचा, म्हणून कुणाची हरकत नव्हती. ठाण्यात आल्याबरोबर त्यानं एक रीत सुरू केली, ती शेवटपर्यंत पाळली. फिर्याद असो, जबाब असो, पंचनामा असो, लिहून झालं की तो स्वतः मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि मान वर करून विचारायचा, "ऐकलं का? असंच घडलं ना?" समोरच्यानं "व्हय" म्हटल्याशिवाय सही-अंगठा घ्यायचा नाही. हवालदार लोक कुरकुरायचे, साहेबांना कीर्तनाची हौस हाय म्हणायचे. पण त्या वाचण्यात काय काय सापडायचं! एका बाईची फिर्याद हवालदारानं ऐटीत लिहिली होती, 'सदर इसमाने मला अश्लील शिवीगाळ केली.' मल्ल्यानं वाचून दाखवल्यावर बाई उसळून म्हणाली, "न्हाय सायेब, शिवी न्हाय दिली त्यानं. माझ्या लेकीचं नाव घिऊन हासला. शिवी दिली असती तर म्याच बघितलं असतं की त्याला." झालं, सगळा कागद फाडून पुन्हा लिहिला. पुढं तो अधीक्षक झाला, उपमहानिरीक्षक झाला, पण सवय तीच. घरच्या लग्नपत्रिकेचं प्रूफसुद्धा त्यानं उभं राहून मोठ्यानं वाचलं होतं, आणि वहिनी म्हणाल्या होत्या, "आता नवरदेवाचा अंगठाबी घ्या."

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो, ती.

त्याच्या त्या पहिल्याच ठाण्याच्या हद्दीत, आमच्या शिवाराच्या कडेला एका वस्तीवर खून झाला. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि गोदामावशीचा एकुलता एक मुलगा किसन कुऱ्हाडीच्या घावानं गेला. गोदामावशी विधवा, पोरावरच तिचं सगळं. आणि ज्याला पकडलं तो माझा चुलतभाऊ, दगडूआण्णा. मोठ्या आईचा थोरला. तिसऱ्या दिवशी आण्णानं कबूल केलं की कुऱ्हाड कुठं लपवलीय ते दाखवतो. असं काही काढून देताना दोन पंच लागतात, साक्षीला, म्हणजे उद्या पोलिसांनीच आणून ठेवली असं कुणी म्हणायला नको. गावात कोण पंच होणार? सगळ्यांची दारं बंद. एक जण कसाबसा तयार झाला. दुसऱ्यासाठी मल्ल्या दुपारी शाळेत आला, मी वर्गात होतो. मला बाहेर बोलावून म्हणाला, "तू चल." मी म्हणालो, "अरे बाबा, माझाच भाऊ आहे तो!" तर म्हणतो, "म्हणूनच. भाऊ असून तू खरं सांगितलंस, तर कोर्ट डोळे झाकून मानंल. आणि तू खोटं बोलणार न्हाईस, हे मला ठाव हाय." चोवीस-पंचवीस वर्षांचा अधिकारी. कायदा तोंडपाठ होता, पण घर म्हणजे काय ते त्याला नीट कळलेलं नव्हतं. मामानं जीव लावला, पण आईचं घर त्याला मिळालेलंच नव्हतं ना!

आम्ही गेलो. आण्णा पुढं, त्याच्या हातात बेडी, आम्ही मागं. कडब्याच्या गंजीपाशी तो थांबला, खाली वाकला, आणि बुडातल्या पेंढ्या ओढून त्यानं कुऱ्हाड बाहेर काढली. माझ्यापासून चार हातांवर. दांड्यावर काळपट डाग होते. आण्णानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मल्ल्यानं बांधावर बसून मांडीवर पॅड धरून स्वतः पंचनामा लिहिला. मग उभं राहून वाचला. एकदा नव्हे, दोनदा. "ऐकलं का? असंच घडलं ना?" मी म्हणालो, "व्हय." त्यानं स्वतःचं शाईचं पेन माझ्या हातात दिलं आणि मी सही केली. ती सही आजही मला दिसते. मास्तरची सही, वळणदार, खाली रेघ मारलेली.

खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. तोवर मल्ल्याची बदली झाली होती. तारखेच्या आदल्या दिवशी मोठी आई माझ्या घरी आली. ती बाई कधी कुणापुढं वाकली नव्हती. तिनं उंबऱ्यातच पदर पसरला आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं. जिनं मला न्हाऊ घातलं, भरवलं, जिनं स्वतःच्या लेकराच्या ताटातली भाकरी मोडून मला दिली, ती माझ्या पायावर. "माज्या लेकराला फासावर नगं रं चढवू... तुला म्या दूध न्हाय पाजलं, पर बाकी समदं केलं." आता सांगा, काय करायचं होतं मी? ... नाही, हा प्रश्न तुम्हाला विचारायचा मला हक्क नाही. काय करायचं होतं ते मला पक्कं माहीत होतं. सकाळी वर्गात फळ्यावर सुविचार लिहिणारा माणूस होतो मी.

तेव्हाच्या उस्मानाबादचं सेशन कोर्ट. पहिला पंच आधीच फिरला होता. मी पिंजऱ्यात उभा राहिलो. मल्ल्या साक्षीसाठी आला होता, मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. सरकारी वकिलानं विचारलं, कुऱ्हाड तुमच्यासमोर निघाली का? मी म्हणालो, "मला माहीत न्हाय. मी लांब होतो." सही तुमची का? "व्हय. कोऱ्या कागदावर घेतली." मग आरोपीच्या वकिलानं, त्याला तर आयतंच मिळालं, मुद्दाम मल्ल्याकडं बघत विचारलं, "पंचनामा तुम्हाला वाचून दाखवला होता का?" मी म्हणालो, "न्हाय."

कुऱ्हाडीचं खोटं मी मोठ्या आईसाठी बोललो, असं एक वेळ म्हणता येईल. पण या "न्हाय"ची काय गरज होती? त्या माणसाची सबंध नोकरी ज्या एका सवयीवर उभी राहायची होती, तिच्यावरच मी थुंकलो. मल्ल्यानं मान वर केली नाही. टोपीची कड नखानं खरवडत बसला होता. आण्णा पुराव्याअभावी सुटला. परतीच्या एस.टी.त चढलो तर गोदामावशी आधीच बसलेली. गाडीला खच्चून गर्दी. तिनं मला पाहिलं, अंग चोरून बाजूला सरकली आणि म्हणाली, "बसा गुर्जी, हितं जागा हाय." तुळजापूर गेलं, अणदूर आलं, सबंध वाट मी त्या बाईच्या खांद्याला खांदा लावून बसलो.  उतरताना ती म्हणाली, "तुमी तर शिकल्यालं माणूस..." आणि निघून गेली.

मल्ल्यानं यावर आयुष्यात एक अक्षर काढलं नाही. मैत्री तोडली असती, चार शिव्या हासडल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्यानं काहीच केलं नाही. दिवाळीला मामाकडं यायचा, माझ्या घरी फराळाला यायचा, माझ्या पोरांना फटाके द्यायचा. आणि जाताना एकटाच गोदामावशीच्या वस्तीवर जाऊन यायचा, ती जिवंत होती तोवर. मी कधी बरोबर गेलो नाही. त्यानं कधी चल म्हटलं नाही. भूमला माझी बदली होती तेव्हा एकदा, बाजाराच्या दिवशी, तो जाता जाता थांबला. साहेब झाला होता, तरी एस.टी. स्टँडच्या कँटीनमध्येच बसायचा हट्ट. आजूबाजूला शेळ्या, कोंबड्या, पोत्यांची गर्दी, आणि आम्ही दोघं भजी खात बसलेलो. त्या दिवशी मी ठरवलं, बोलायचं. मी म्हणालो, "मल्ल्या, त्या कोर्टातलं..." तो पटकन म्हणाला, "भजी गार व्हायल्यात, खा." आणि मी खाल्ली! बघा, केवढा आज्ञाधारक मी. त्याला ऐकायचं नाही, असं मी समजलो. आता वाटतं, त्याचं त्यालाच ते सोसत नसावं.

निवृत्त झाल्यावर वहिनी गेल्या, आणि तो पुण्याचा फ्लॅट बंद करून मामानं त्याच्या नावावर करून ठेवलेल्या घरात राहायला आला. रिकामं बसणं त्याच्या रक्तात नव्हतंच. गावातल्या, जळकोटकडच्या, आसपासच्या वस्त्यांवरच्या पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी त्यानं गोळा केल्या. सकाळी मैदानावर पळवायच्या, दुपारी मामाच्या ओसरीवर अभ्यास. पोरी त्याला 'आजोबा सर' म्हणायच्या आणि तो उगाच खेकसायचा, "आजोबा म्हण न्हायतर सर म्हण, दोन्ही एका येळी पगार देत न्हाईत!" तिथंही वाचायची शिस्त तीच. अर्ज भरला की मोठ्यानं वाच, मग सही कर. त्यातल्या चार-पाच जणी आज अंगावर वर्दी घालून फिरतात.

गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी त्यानं मला बोलावलं. ओसरीवर आमचे गावातले डॉक्टर बसलेले. मल्ल्यापुढं मृत्युपत्र होतं. मामाचं घर आपल्यामागं पोरींच्या अभ्यासिकेला, ग्रामपंचायतीच्या ताब्यात द्यावं, बाकी जे आहे ते मुलाचं आणि मुलीचं, असा सरळ मजकूर. त्यानं रिवाजाप्रमाणं उभं राहून मोठ्यानं वाचला. आमच्या दोघांसमोर सही केली. डॉक्टरांनी साक्षीदार म्हणून सही केली, आणि पेशंट खोळंबलेत म्हणून ते गेले. मग मल्ल्यानं पेन माझ्यापुढं धरलं. "दुसरा साक्षीदार तू."  पस्तीस वर्षांनी टोमणा मारतोय, असं मला वाटलं. जखम धरून ठेवली लेकानं आणि आता मीठ चोळतोय! मी खिसे चाचपडले आणि म्हणालो, "चष्मा घरी राहिला. उद्या बघू." चष्मा माझ्या खिशातच होता. त्याची कड बाहेर डोकावत होती, आणि समोर बसलेला माणूस जन्मभर लोकांचे खिसे बघत आलेला. तो म्हणाला, "बरं. उद्या." पेनाला टोपण लावलं.

तो उद्या आलाच नाही. मी टाळत राहिलो. रस्त्यात भेटला की हसत विचारायचा, "मास्तर, चष्मा सापडला का?" मीही हसण्यावारी न्यायचो. त्याला दहा साक्षीदार मिळाले असते. एका हाकेत पोरींचे बाप धावत आले असते. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? आणि तरी तो थांबून राहिला, दिवाळीपासून श्रावणापर्यंत. यात तुझीही चूक आहे, मल्ल्या. एवढी हुशारी, एवढी पदकं, आणि छातीत कळ आली त्या दिवसापर्यंत तू माझ्यासारख्या माणसावर विसंबून राहिलास! एकदा विसंबून बघितलं होतंस की.

चौदाव्याच्या दुसऱ्या दिवशी वैशाली ती फाईल घेऊन माझ्याकडं आली. तिचा भाऊ परदेशात असतो. त्याचं म्हणणं, गावात आता कोण राहणार, घर विकून टाकू, आणि कायद्यानं जे होईल ते होईल. वैशालीनं कागद माझ्यापुढं ठेवला. पहिल्या साक्षीदाराच्या जागी डॉक्टरांची सही. दुसऱ्या जागी नुसती रेघ. "काका, इथं सही करा. तारीख तेव्हाचीच टाका. तुम्ही तर तिथं होतातच ना?" मी होतो. "बाबांनी तुमच्यासमोर सही केली ना?" केली. "मग यात खोटं काय आहे?" वकिलाची पोरगी नव्हे, पोलिसाची, पण मला पुन्हा पिंजऱ्यातच उभं करत होती. मी पेन उचललं. खरंच उचललं. बाहेर ओट्यावर दोन पोरी चपला काढून उभ्या होत्या, घर राहतंय का जातंय ते बघायला आलेल्या. एक सही, आणि ते घर त्यांचं. एका खोट्यानं खुनी सुटला होता, एका खोट्यानं अभ्यासिका वाचली असती. पण हात काही केल्या कागदावर टेकेना. सवयीनं म्हणा, त्याच्या संगतीनं म्हणा, मी सहीच्या वरचा मजकूर मोठ्यानं वाचायला लागलो. 'यांनी आमच्या समक्ष सही केली आहे' ... इथवर आवाज नीट निघाला. 'आणि आम्ही त्यांच्या समक्ष साक्षीदार म्हणून सह्या केल्या आहेत' ... इथं मला पुढं जाता येईना. त्याच्या समक्ष? कुठाय तो?

मी पेन खाली ठेवलं. "न्हाय जमायचं, बाळ."

वैशाली भडकली, आणि तिनं भडकायलाच हवं होतं. "मग तेव्हा का नाही केली, काका? नऊ महिने होते तुमच्याकडं!" तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. गंज, कुऱ्हाड, मोठी आई, कोर्ट, ते "न्हाय". आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी. वाटलं, आता ही उठून जाणार. ती बराच वेळ फाईलीचा बंद सोडत-बांधत बसली. मग म्हणाली, "तो पंच म्हणजे तुम्ही होय..." मी चमकलो. "बाबा नव्या अधिकाऱ्यांना शिकवायला जायचे ना, पहिल्याच तासाला हीच गोष्ट सांगायचे. नाव नाही घ्यायचे. म्हणायचे, पंच निवडताना आधी त्याचं घर बघा. मी एका सज्जन माणसाला त्याच्या आईसमोर उभं केलं आणि त्याला खोटं बोलायला लावलं. केस गेली ती माझ्यामुळं. त्या माणसाची माफी मागायची राहिलीय."

त्या माणसाची माफी. मल्ल्यानं. माझी!

मग ते पेन पुढं करणं काय होतं, हे मला त्या दिवशी कळलं. तोंडानं बोलणं दोघांनाही जमलं नाही. त्याला एकच रीत येत होती, कागद करायची, तर त्यानं कागद केला. आणि मी खिशातला चष्मा लपवला. किती जीव तळमळतो म्हणून सांगू... काही गोष्टींना औषध नाही.

भावा-बहिणीचं अजून ठरत नाही. वैशालीनं निकराचा प्रयत्न चालवलाय, पण घर राहील असं मला खात्रीनं सांगता येत नाही, आणि खात्री नाही ते मी आता बोलत नाही. पोरी सध्या माझ्या ओसरीवर बसतात. जागा पुरत नाही, सूनबाई कधी कधी करवादते. मोठी आई गेली, दगडूआण्णा गेला, गोदामावशी गेली. म्हणजे हे सगळं आता सांगून माझ्याखेरीज कुणाचं काही बिघडत नाही, आणि गोदामावशीचं काही सुधारतही नाही. फुकटचं धाडस आहे हे, मला कळतं. तरी लिहून ठेवतो. त्या दुपारी आण्णानं कडब्याच्या गंजीतून कुऱ्हाड काढून दिली, ती मी चार हातांवरून पाहिली. पंचनामा तिथंच लिहिला गेला. तो मला दोनदा वाचून दाखवला. कोऱ्या कागदावर माझी सही कुणीही घेतलेली नाही.

मामाच्या घराची किल्ली वैशाली माझ्याकडं ठेवून गेली आहे. काल दुपारी जाऊन दार उघडलं. ओसरीवर त्याची लाकडी खुर्ची तशीच आहे, एक हात सैल झालेली. भिंतीवर पोरींच्या धावण्याच्या वेळा खडूनं लिहिलेल्या. मी खिशातून चष्मा काढला, डोळ्यावर चढवला आणि खुर्चीपुढं उभं राहून हा सगळा लेख पहिल्यापासून मोठ्यानं वाचला. मध्ये दोनदा थांबलो, मागची ओळ पुन्हा वाचली. वाचून झाल्यावर सवयीनं वाट बघत राहिलो. कुणी काही विचारलं नाही. मग मीच म्हणालो, "व्हय, मल्ल्या. असंच घडलं." आणि खाली सही केली.